दर आठवड्याचा पॉप चार्ट वाचायचा कसा

गाणं गेल्या आठवड्यात चार्टवर, म्हणजे लोकप्रिय गाण्यांच्या क्रमवारीत, ८ वर होतं, या आठवड्यात १९ वर आलं. लगेच ‘गाणं पडलं’ असं म्हटलं जातं. पण ऐकणारा एकही माणूस कमी झालेला नसताना हे होऊ शकतं, आणि वर्षातून बऱ्याचदा होतं. क्रमांक एकट्या गाण्यावर ठरत नाही, आजूबाजूच्या सगळ्या गाण्यांवर ठरतो. म्हणून चार्ट उघडल्यावर आधी दोन गोष्टी बघायच्या: या आठवड्यात नेमकं काय मोजलं गेलं, आणि वर नवीन काय येऊन बसलं. इथे बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-नियतकालिकाचा हॉट १०० आणि ब्रिटनचा ऑफिशियल सिंगल्स चार्ट हे दोन धरले आहेत. दोघांचे नियम इतके वेगळे आहेत की एकाची सवय लागलेला माणूस दुसरा हमखास चुकीचा वाचतो.

आधी तारखा जुळवा

दोन्हीकडे मोजणीचा आठवडा शुक्रवारी सुरू होऊन गुरुवारी संपतो. १० जुलै २०१५ पासून नवीन गाणी जगभर शुक्रवारी आणायची असं ठरलं, त्याला धरून हे बदललं. त्याआधी अमेरिकेत मंगळवारी आणि ब्रिटनमध्ये सोमवारी गाणी यायची. हॉट १०० साठी रेडिओची मोजणी मात्र २०२१ पर्यंत सोमवार ते रविवार अशीच चालली, त्यामुळे त्याआधीच्या चार्टमध्ये एकाच क्रमांकात दोन वेगवेगळे आठवडे मिसळलेले असतात.

खरा घोळ होतो तो चार्टवर छापलेल्या तारखेमुळे. बिलबोर्ड आपल्या चार्टवर पुढच्या शनिवारची तारीख घालतं. शुक्रवार २ जानेवारी ते गुरुवार ८ जानेवारी २०२६ या दिवसांची मोजणी घ्या. ब्रिटनचा चार्ट दुसऱ्याच दिवशी, ९ जानेवारीला संध्याकाळी जाहीर होतो. हॉट १०० मंगळवारी १३ तारखेला पूर्ण दिसतो (पहिली दहा नावं बहुधा सोमवारीच कळतात), आणि त्यावर तारीख असते १७ जानेवारी. म्हणजे ९ तारखेचा ब्रिटिश चार्ट आणि १७ तारखेचा अमेरिकन चार्ट एकाच आठवड्याचे. तुलना करायची तर तारखा शेजारी ठेवून चालत नाही, मोजणीचे दिवस शेजारी ठेवावे लागतात. सोपा हिशेब: हॉट १०० च्या तारखेतून ९ दिवस वजा केले की मोजणीचा शेवटचा गुरुवार मिळतो.

हे जमलं की जानेवारीतला गोंधळही सुटतो. ३ जानेवारी २०२६ तारखेच्या हॉट १०० मध्ये १९ ते २५ डिसेंबरचे आकडे असतात, म्हणून तो नाताळच्या गाण्यांनी गच्च भरतो. पुढच्याच चार्टवर ती गाणी नाहीशी होतात आणि दबून बाहेर गेलेली जुनी गाणी परत येतात. त्या आठवड्यात पुनर्प्रवेशाची खूण डझनावारी दिसते. त्यातल्या एकाही गाण्याचं नशीब बदललेलं नसतं, जागा मोकळी झालेली असते.

नवीन प्रवेशाची पारख

नवीन गाणं दिसलं की आधी ते कोणत्या वारी आलं ते शोधा. बुधवारी आलं असेल तर पहिल्या आठवड्यात त्याचे दोनच दिवस मोजले गेले. पुढच्या आठवड्यात ते ६० वरून १२ वर आलं तर त्याला मुसंडी म्हणू नका. सात दिवसांची मोजणी त्याला पहिल्यांदाच मिळाली आहे.

याच जातीचं मोठं उदाहरण २००९ मधलं केली क्लार्कसनचं. तिचं गाणं हॉट १०० वर ९७ वरून थेट १ वर गेलं. पहिल्या आठवड्यात ते फक्त रेडिओवर होतं, दुसऱ्या आठवड्यात डाउनलोडसाठी खुलं झालं आणि विक्रीचा सगळा भार एकदम पडला. आजही प्रचंड उडी दिसली की पहिला प्रश्न हाच: गेल्या आठवड्यात कोणता घटक मोजणीत नव्हता?

हॉट १०० मध्ये तीन घटक एकत्र होतात: स्ट्रीमिंग, रेडिओवरचं प्रसारण आणि विक्री. तिन्हींची चाल निराळी. विक्री पहिल्या आठवड्यात उसळते आणि दुसऱ्यात कोसळते, कारण विकत घेणारे बहुतेक पक्के चाहते असतात आणि ते पहिल्याच दिवशी घेऊन मोकळे होतात. स्ट्रीमिंगही पहिल्या शुक्रवारी उंच असतं, मग उतरत उतरत कुठेतरी स्थिरावतं. रेडिओ उलटा: हळू चढतो, आणि स्ट्रीमिंग उतरायला लागल्यावरही कित्येक आठवडे चढत राहतो. म्हणून दुसऱ्या आठवड्यातली घसरण हा नियमच समजावा, तिच्यावरून निकाल देऊ नये.

निकाल द्यायचा तो तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. समजा एक गाणं ६, २७, ४८, ७१ असं गेलं आणि दुसरं ४१, ५२, ४४, ३५ असं. पहिल्याची बातमी होते, पण टिकणारं गाणं दुसरं आहे. त्याच्या स्ट्रीमिंगला तळ सापडला आणि रेडिओने उचल घेतली. चार्टचा खरा नाद असलेल्यांनी पहिल्या दहापेक्षा ३० ते ६० या पट्ट्याकडे जास्त लक्ष द्यावं. पुढच्या महिन्यातली मोठी गाणी तिथेच आधी दिसतात. त्याच्याही आधीची चाहूल हवी असेल तर ‘बबलिंग अंडर हॉट १००’ बघावा. १९५९ मध्ये सुरू झालेली ही २५ जागांची यादी उंबरठ्यावर उभ्या असलेल्या गाण्यांची असते.

विस्थापन मोजायचं गणित

मोठ्या कलाकाराचा अल्बम आला की त्यातली सगळी गाणी एकदम हॉट १०० वर येऊ शकतात, कारण तिथे एका कलाकाराच्या गाण्यांवर मर्यादा नाही. ४ मे २०२४ तारखेच्या चार्टवर पहिले १४ क्रमांक एकट्या टेलर स्विफ्टचे होते. बाकीच्यांच्या पुढचा ‘गेल्या आठवड्याचा क्रमांक’ अशा वेळी फसवतो.

आता सुरुवातीचं ८ वरून १९ वर आलेलं गाणं घ्या.

१. या आठवड्यात त्याच्या वर किती नवीन किंवा पुन्हा आलेली गाणी आहेत ते मोजा. समजा १२. तर १९ − १२ = ७.
२. गेल्या आठवड्यात त्याच्या वर असलेल्यांपैकी किती गाणी या आठवड्यात चार्टवरच नाहीत ते बघा. समजा १. तर ८ − १ = ७.
३. दोन्ही उत्तरं सारखी. दोन्ही आठवड्यांत हजर असलेल्या गाण्यांमध्ये ते जिथे होतं तिथेच आहे. अकरा पायऱ्यांची घसरण निव्वळ विस्थापनाची, म्हणजे नव्यांनी खाली ढकलल्याची.

पहिलं उत्तर दुसऱ्यापेक्षा मोठं आलं तर गाणं खरंच उतरलं, लहान आलं तर चढलं. खात्रीसाठी बिलबोर्डची बुलेटची खूण पाहा. ती आकड्यांतली वाढ दाखवते, क्रमांकातली नाही. क्रमांक खाली आणि तरी बुलेट, असं दिसलं तर पुढच्या आठवड्यात ते गाणं उसळायची शक्यता चांगली, कारण अल्बममधली बरीचशी गाणी तोवर ओसरलेली असतात.

ब्रिटनची वेगळी तऱ्हा

ब्रिटनमध्ये हे गणित फारसं लागत नाही. मार्च २०१७ मध्ये एड शीरनच्या एकाच अल्बमने पहिल्या २० पैकी १६ जागा व्यापल्या, आणि त्याच वर्षी नियम आला: मुख्य कलाकार म्हणून एकाची फक्त तीनच गाणी चार्टवर. परिणाम असा की नवीन अल्बम आला की त्याच कलाकाराचं महिनोन्महिने टिकलेलं जुनं गाणं एका आठवड्यात गायब होऊ शकतं. लोकांनी ते सोडलेलं नसतं. वरची तीन दुसरी ठरली, एवढंच.

दुसरा नियम याहून महत्त्वाचा आणि तो माहीत नसल्यामुळे सर्वांत जास्त चुका होतात. तिथे पैसे भरून ऐकणाऱ्यांचे १०० स्ट्रीम म्हणजे एक विक्री, जाहिरातींसह फुकट ऐकणाऱ्यांचे ६०० म्हणजे एक. पण गाणं चार्टवर बरेच आठवडे राहिलं आणि मग सलग तीन आठवडे उतरलं, की त्याला दुप्पट भाव लागतो, म्हणजे एका विक्रीसाठी दुप्पट स्ट्रीम लागतात: २०० आणि १,२००. ३० लाख सशुल्क आणि ६ लाख फुकट स्ट्रीम असलेलं गाणं धरा. आधीच्या हिशेबाने ३०,००० आणि १,००० मिळून ३१,००० विक्री. नियम लागल्यावर, तेवढंच ऐकलं गेलं तरी, १५,५००. ब्रिटिश चार्टवर जुनं, सावकाश उतरणारं गाणं एकाएकी पहिल्या दहातून विशीत गेलं तर पहिला संशय यावर घ्या.

हा भाव परत पूर्ववतही होऊ शकतो. २०२२ मध्ये केट बुशचं १९८५ सालचं गाणं एका मालिकेमुळे पुन्हा ऐकलं जाऊ लागलं, तेव्हा जुन्या गाण्याचा दुप्पट भाव त्याच्यावरून उठवला गेला आणि ते ३७ वर्षांनी पहिल्या क्रमांकावर पोचलं.

गाणं घसरलं की काढलं?

हॉट १०० वर जुन्या गाण्यांसाठी वेगळी तजवीज आहे. ती तशी घसरत घसरत ७० वर, ९० वर जात नाहीत, मधूनच उचलली जातात. २० आठवडे झाल्यावर गाणं ५० च्या खाली गेलं की ते यादीतून निघतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये वरच्या पायऱ्या कडक झाल्या: २६ आठवड्यांनंतर २५ च्या खाली, ५२ नंतर १० च्या खाली आणि ७८ नंतर ५ च्या खाली. म्हणून गाणं दिसेनासं झालं की आधी त्याचे आठवडे मोजा. २६ आठवड्यांचं गाणं २४ वरून थेट नाहीसं झालं असेल तर ते १०० च्या बाहेर पडलेलं नाही, २६ वर आलं असतं तरी काढलंच गेलं असतं.

स्वतःची नोंद

एक साधी स्प्रेडशीट पुरते. रकाने: मोजणीचे दिवस, या आठवड्याचा क्रमांक, गेल्या आठवड्याचा, सर्वोच्च क्रमांक, एकूण आठवडे, वर आलेली नवीन गाणी, बुलेट आहे की नाही, आणि शेरा. शेऱ्यात कारण लिहायचं: नवीन रीमिक्स, व्हिडिओ, पुरस्कार सोहळा, कडक झालेला भाव. कारण त्याच आठवड्यात लिहिलं नाही तर तीन महिन्यांनी त्या उडीचा अर्थ लावता येत नाही. सगळी १०० गाणी टिपत बसू नये. १५-२० निवडावीत आणि ती सोडू नयेत.

दैनिक स्ट्रीमिंग याद्या आणि डाउनलोड दुकानांच्या ताज्या याद्या या नोंदीत मिसळू नका. डाउनलोड दुकानाच्या यादीत थोड्या तासांच्या खरेदीवरही गाणं पहिलं येतं. टिकटॉकवरचे व्हिडिओ हॉट १०० मध्ये थेट धरले जात नाहीत. तिथे गाजलेलं गाणं लोक पूर्ण ऐकायला गेले तरच ते चार्टवर उमटतं, आणि त्यात आठवडा-दोन आठवड्यांचं अंतर पडू शकतं.

जुन्या काळाशी तुलना करताना नियमाचं वर्षही टिपा. डिसेंबर १९९८ पर्यंत दुकानात सिंगल म्हणून, म्हणजे सुटं विकायला, न आलेलं गाणं हॉट १०० वर येऊच शकत नव्हतं, मग ते रेडिओवर कितीही वाजो. अल्बमचंही तसंच: बिलबोर्डच्या अल्बम चार्टवर २०१४ मध्ये १,५०० स्ट्रीम म्हणजे एक अल्बम होता, २०१८ मध्ये १,२५० सशुल्क किंवा ३,७५० फुकट, आणि जानेवारी २०२६ पासून १,००० किंवा २,५००. तेवढंच ऐकलं गेलेला अल्बम या तीन काळांत तीन वेगळे आकडे दाखवील.