अंश, मायक्रो, वजा: शास्त्रीय चिन्हं नीट कशी टाइप करावीत

विंडोजवर जवळपास सगळीकडे चालणारी पद्धत म्हणजे ऑल्ट कोड. आधी कीबोर्ड इंग्रजीवर आणा (विंडोज आणि स्पेस), नम लॉक सुरू करा. ऑल्ट दाबून धरा, उजवीकडच्या नंबर पॅडवर ०१७६ दाबा, ऑल्ट सोडा. ° उमटतं. अशाच रीतीनं ०१७७ ला ±, ०१७८ ला ², ०१७९ ला ³, ०१८१ ला µ, ०२१५ ला × आणि ०२४७ ला ÷ मिळतं. सुरुवातीचं शून्य गाळू नका. नुसतं १७६ दाबलं तर विंडोज डॉसच्या काळातला तक्ता वापरतं आणि ° ऐवजी ░ येतं. अक्षरांच्या वरच्या ओळीतले आकडे इथे चालत नाहीत. लॅपटॉपला नंबर पॅड नसेल तर विंडोज आणि पूर्णविराम एकत्र दाबा, उघडलेल्या पट्टीतल्या चिन्हांच्या विभागात ग्रीक अक्षरं आणि गणिती चिन्हं सापडतील.

वर्डमध्ये याहून सोयीची वाट आहे. चिन्हाचा युनिकोड क्रमांक (जगभरच्या अक्षरांना आणि चिन्हांना ठरवून दिलेला सांकेतिक क्रमांक) टाइप करायचा आणि लगेच ऑल्ट धरून इंग्रजी एक्स दाबायचा. २२१२ चं − होतं, २१९२ चं →, २२४८ चं ≈, २२६४ चं ≤, ०३९४ चं Δ. क्रमांक इंग्रजी आकड्यांतच हवा. मराठी आकडे टाइप केले तर वर्डला तो कळत नाही. रासायनिक सूत्रांसाठी २०८० ते २०८९ म्हणजे ₀ ते ₉. घातांकांची मांडणी मात्र सलग नाही: ⁴ ते ⁹ साठी २०७४ ते २०७९ चालतात, पण २०७२ आणि २०७३ या जागा रिकाम्या आहेत, कारण ² आणि ³ ही चिन्हं आधीपासूनच दुसरीकडे होती. त्यांच्यासाठी वरचे ऑल्ट कोडच वापरा.

इथे एक चूक हमखास होते. ग्लुकोजच्या सूत्रात कार्बनच्या सी अक्षराला चिकटून २०८६ टाइप केलं, तर ₆ येत नाही. ए ते एफ ही अक्षरंही युनिकोड क्रमांकात येत असल्यानं वर्ड तो सीसुद्धा क्रमांकाचा भाग धरतं. इंग्रजी आकड्याला लागून चिन्ह हवं असेल तरी हाच घोटाळा होतो. म्हणून फक्त चिन्हाचे चार आकडे निवडा आणि मग ऑल्ट-एक्स दाबा.

दिसायला सारखं चिन्ह चालवून घेऊ नका. ° च्या जागी º टाकलं तर डोळ्यांना फरक जाणवत नाही, पण शोध घेताना ते सापडत नाही. वजा म्हणून − वापरलेला आकडा एक्सेलमध्ये मजकूर समजला जातो आणि बेरजेतून गळतो. गणितासाठी असलेल्या रकान्यात कीबोर्डवरची साधी आडवी रेघच टाका, छापायच्या मजकुरात −.

सगळ्यात घातक आहे ती सिम्बॉल फॉन्टची जुनी सवय. तो फॉन्ट लावून इंग्रजी एम टाइप केला की μ दिसतो, पण मजकूर दुसरीकडे गेला की त्याचा पुन्हा एम होतो किंवा नुसता चौकोन उरतो. मायक्रोग्रॅमचा मिलिग्रॅम झाला तर मात्रा हजारपट होते. औषधांच्या मजकुरात चिन्ह टाळून ‘मायक्रोग्रॅम’ असं अक्षरी लिहिणंच योग्य.

कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये काम करणाऱ्यांना ° टाकलं की भलतंच देवनागरी अक्षर दिसतं. हे फॉन्ट चिन्हांच्याच जागांवर आपली अक्षरं बसवतात. तेवढं एक चिन्ह निवडून त्याला एरियल लावा. नवा मजकूर सरळ युनिकोडमध्येच करावा, म्हणजे ही कटकट उरत नाही.

वर्डमध्ये कंट्रोल आणि बरोबर चिन्ह दाबून आकडा खाली, कंट्रोल-शिफ्ट आणि अधिक दाबून वर नेता येतो. पण ती फक्त सजावट असते. मजकूर पाठवण्याआधी नोटपॅडमध्ये चिकटवून पाहा: अशा रीतीनं लिहिलेला दहाचा सहावा घात तिथे १०६ होतो, खरं ⁶ वापरलं असेल तर १०⁶ च राहतो.