परभणीत बसून जहाजावर उतरायचं कसं?

पोरांना पहिल्याच दिवशी विमानवाहू जहाजावर उतरायचं असतं. मी मात्र आधी जमिनीवरच्या धावपट्टीवर उतरायला लावतो. डीसीएस या संगणकावरच्या विमान-सिम्युलेटरमधलं एफ/ए-१८सी हे लढाऊ विमान घ्या, चाकं आणि फ्लॅप (पंखांमागच्या हलत्या पट्ट्या) खाली सोडा, ट्रिम करून (म्हणजे स्टिक न दाबता विमान त्याच स्थितीत राहील असं करून) अँगल ऑफ अटॅक, म्हणजे पंख आणि समोरून येणारी हवा यांतला कोन, ८.१ अंशांवर धरा आणि खाली-वर फक्त थ्रॉटलनं, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करून, व्हा. सगळं कसब यातच आहे, घाई नको.

मग जहाज. डेकवरची तार पकडणारा शेपटीखालचा हुक खाली टाकून ८०० फुटांवरून, ३५० नॉट्सनं त्याच्या उजव्या बाजूनं पुढं जा, डावीकडं वळा, ६०० फुटांवर या, मग पुन्हा डावीकडं वळून जहाजाच्या मागं या. डेक तिरका आणि जहाज चालतं, म्हणून उतरायची पट्टी सतत उजवीकडं सरकते. थोडं-थोडं उजवीकडं जात राहा. मीटबॉल, म्हणजे उंची बरोबर आहे का ते दाखवणारा डेकच्या कडेचा दिवा, हिरव्या दिव्यांच्या रेषेत ठेवा. शेवटी नाक उचलू नका. चाकं टेकताच थ्रॉटल पूर्ण पुढं ढकला, हुक तारेत अडकला नाही तर पुन्हा उडता आलं पाहिजे.