वेडावाकडा कापलेला फ्रॅग घरी आलाय? टँकमध्ये टाकायच्या आधी हे करा

घरच्या खाऱ्या पाण्याच्या कोरल टँकसाठी मुंबई नाहीतर चेन्नईहून पार्सल येतं, पिशवी लाइटसमोर धरली की दिसतं, झोआ नावाच्या मऊ कोरलचा फ्रॅग (मोठ्या कोरलमधून कापलेला तुकडा) आहे पण एका बाजूचे पॉलिप (फुलासारखे दिसणारे छोटे जीव) मधोमध चिरलेले, प्लगवर (फ्रॅग चिकटवायची छोटी चकती) ग्लूचा हा ढीग, आणि पाण्यात पांढरे तंतू तरंगून राहिले. मग पहिला विचार येतो की पैसे गेले. पण थांबा. कट वाकडा आहे म्हणून फ्रॅग सहसा मरत नाही, कट ताजा असला तर मरतो. काही विकणारे ऑर्डर आली की त्याच दिवशी कापतात, ग्लू लावतात आणि संध्याकाळी पॅक करून टाकतात, म्हणजे जखम भरायला एक दिवसही मिळत नाही आणि वरून रात्रभराचा प्रवास, बंद पिशवीत, स्वतःच्याच चिकट्यात. त्यामुळे आपलं काम काय, तर सडलेलं काढायचं, स्वच्छ करायचं आणि मग त्याला एकटं सोडायचं. तिसरं काम लोकांना सगळ्यात जड जातं.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. हे सगळं सॉफ्ट कोरलबद्दल आहे, म्हणजे झोआ, मशरूम, लेदर, जीएसपी (ग्रीन स्टार पॉलिप) वगैरे. अॅक्रोपोरा, हॅमर, टॉर्च असे दगडी सांगाडा बनवणारे कोरल आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, समुद्रपंखाही त्यातच, तर कोणी "स्वस्तात देतो भाऊ" म्हणून व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला तरी त्या भानगडीत पडू नका.

पिशवी उघडायच्या आधी सगळं सामान टेबलावर काढून ठेवा. टँकचंच पाणी भरलेले तीन पांढरे डबे (पांढरेच, काहून का किडा दिसला पाहिजे), हातमोजे, डोळ्याला चष्मा, नवीन सर्जिकल ब्लेड, चिमटा, जुना टूथब्रश, ग्लू जेल, नवीन प्लग. ब्लेड आणि चिमटा आपल्या नागपुरात धंतोली, रामदासपेठेकडे सर्जिकल सामानाच्या दुकानात मिळून जातो. हातमोजे आणि चष्म्याचं नाटक वाटत असेल तर सांगतो, झोआ आणि त्याचाच नातेवाईक पॅलिथोआ, यांच्यामध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं विष असू शकतं, आणि ते फार जहाल आहे. बोटाला चीर असेल तर उघड्या हाताने कापायचं नाही, कापताना पॉलिप पिचकारी मारतो तर तोंड जवळ न्यायचं नाही, आणि झोआ लागलेला दगड किंवा प्लग गरम पाण्यात टाकणं, उकळणं हे तर अजिबातच नाही, ती वाफ नाकात गेली तर सरळ हॉस्पिटल. लेकरं आणि कुत्रं खोलीबाहेर.

आता पिशवी. बंदच ठेवून टँकच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं तरंगू द्या, टेम्परेचर सारखं होऊ द्या. उघडल्यावर मात्र तासभर ड्रिप (नळीने थेंबथेंब टँकचं पाणी सोडणं) लावत बसू नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साचून पीएच खाली गेलेला असतो म्हणून तिथला अमोनिया फार त्रास देत नाही, पिशवी उघडली की पीएच वर चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. रिफ्रॅक्टोमीटरने (खारेपणा मोजायचं यंत्र) पिशवीतली सॅलिनिटी पहा, तुमच्या टँकच्या १.०२५ च्या जवळपास असेल तर सरळ पहिल्या डब्यात. खूपच कमी असेल तर डब्यातलं पाणी आधी त्याच्या जवळ आणा आणि मग हळूहळू वाढवा. पिशवीचं पाणी टँकमध्ये एक थेंबही नाही. आणि सगळ्या बाजूंनी फोटो काढा, वेळेसकट, विकणाऱ्याशी बोलायला लागतील.

आता नीट पहायचं आणि वास घ्यायचा, डब्यावरून हाताने हवा ओढून. समुद्रासारखा वास आला तर ठीक. सडक्या अंड्यासारखा आला तर कुठेतरी टिश्यू मेलेला आहे. जिवंत टिश्यू टणक आणि रंग धरून असतो, मेलेला भुरका, चिकट, ब्रश लावला की सुटून येतो. जे सुटून येतं ते काढूनच टाका. झोआमध्ये मधोमध चिरलेला पॉलिप शक्यतो वाचत नाही आणि सडताना शेजारच्यालाही घेऊन जातो, तर तो बुडापासून काढा, पण कट दोन पॉलिपच्या मधल्या चटईतून घ्या, दुसऱ्या पॉलिपमधून नको. मशरूम याच्या उलट, तुकडा झाला तरी त्यातून नवीन उगवतो, तोंडाचा भाग असला तर लवकर, नसला तर उशिरा, त्याला ब्लेड लावायची गरजच नाही. लेदरच्या लोंबणाऱ्या चिंध्या एका सरळ कटमध्ये उडवा, करवतीसारखं घासत बसू नका. लय खोल जायचं नाही, चांगला टिश्यू दिसला की हात थांबवा.

जुना प्लग फेकाच. खाचांत एप्टेशिया (उपद्रवी छोटं अॅनिमोन), शेवाळ आणि न्यूडिब्रँकची (कोरल खाणारी समुद्री गोगलगाय) अंडी बसलेली असतात, आणि अंड्यांना डिपने (औषधाच्या पाण्यात बुडवण्याने) काही होत नाही, तीच मोठी गंमत आहे. जीएसपी असेल तर चटई कोपऱ्यातून उचलून सोलल्यासारखी निघते.

मग डिप, दुसऱ्या डब्यात. ताज्या जखमेला आयोडीनवालं डिप बरं, सीकेम रीफ डिप किंवा तसंच काही, डोस बाटलीवर लिहिलाय तेवढाच, "थोडं जास्त टाकू" हा नागपुरी हात इथे नको. मेडिकलमधलं बीटाडीन आणून ओतू नका, त्याच्या स्क्रबमध्ये साबणासारखं डिटर्जंट असतं आणि घाईत कोणती बाटली आली ते कोण पाहते. शेवाळासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरणार असाल तर बाटली वाचा, बाहेरच्या व्हिडिओत सांगतात तो डोस ३ टक्केवाल्याचा असतो आणि आपल्याकडे मेडिकलमध्ये २० व्हॉल्यूमची म्हणजे साधारण ६ टक्क्यांची बाटली सर्रास मिळते, तर प्रमाण निम्मं करा. झेनिया नावाच्या सॉफ्ट कोरलला पेरॉक्साइड नकोच. डिपनंतर तिसऱ्या डब्यात खंगाळा.

चिकटवताना सायनोअॅक्रिलेटचं जेल घ्या. पातळ फेविक्विक वाहून पॉलिपवर पसरतं. प्लगवर वाटाण्याएवढा थेंब, फ्रॅगचं बूड टिपकागदाने हलकं कोरडं, दाबा, पाण्यात. लेदर आणि मशरूम मात्र ग्लूला जुमानत नाहीत, चिकटा सोडतात आणि सरकतात. लेदरला सैल रबर बँड (घट्ट बांधला तर तोच कापतो). मशरूम एका छोट्या कपात दगडाच्या चुऱ्यावर ठेवून वरून मच्छरदाणीचा तुकडा बांधा, आठ-पंधरा दिवसांत स्वतःच पकडतो.

जागा खालची, लाइट कमी, पाण्याचा प्रवाह मध्यम पण थेट अंगावर नाही. अगदी शांत कोपरा नको, तिथे चिकटा बसून राहतो. वेगळा छोटा टँक असेल तर काही आठवडे तिथेच ठेवा, राहिलेली अंडी फुटली तर मेन टँक वाचतो. फिल्टरमध्ये ताजा अॅक्टिव्हेटेड कार्बन टाका. खायला काही देऊ नका. आणि रोज उचलून पाहू नका बापा! पहिले काही दिवस बंद राहणं नॉर्मल आहे, लेदर तर मेणासारखी साल धरून आठवडाभरही रुसतो आणि मग साल टाकून उघडतो. फक्त भुरकी जेली दिसली किंवा वास आला तरच बाहेर काढा, सिरिंजने जेली ओढून घ्या आणि तेवढाच भाग परत कापा.

नागपुरातला खरा व्हिलन एप्रिल ते जून. बाहेर ४५ च्या वर आणि टँक २५-२६ वर ठेवायचा. चिलर नसेल तर पाण्यावर पंखा लावा, आपली हवा कोरडी आहे म्हणून बाष्पीभवन जोरात होतं आणि पाणी दोन-तीन डिग्री खाली येतं, पण त्याच खोलीत डेझर्ट कूलर चालू असेल तर हवा ओली होते आणि पंख्याचा फायदा बराचसा जातो, तेव्हा टँक आणि कूलर वेगळ्या खोलीत. उडालेलं पाणी भरताना साधं आरओ, खारं नाही. नवतपात (मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) तर पार्सल मागवूच नका, कुरिअरच्या गाडीत ते शिजून येते.

विकणाऱ्याला पुढच्या वेळी ऑर्डरच्या आधी एकच विचारा, कापून किती दिवस झाले. दोन आठवडे झालेत म्हणत असेल तर आज काढलेला, पॉलिप उघडे असलेला व्हिडिओ मागा, त्यात कटची कड गोल झालेली आणि टिश्यू प्लगवर चढलेला दिसला पाहिजे. व्हिडिओ द्यायला टाळाटाळ केली तर दुसरा विकणारा शोधा.