बिननावाचं पत्र्याचं क्लॅरनेट ओळखायला बसण्याआधी

सगळ्यात आधी घरच्यांना बजावून ठेवा, याला कुणी घासायचं नाही. बीडला आजोबांच्या बँडची ट्रंक उघडली त्या दिवशी मी बाजारातून येईपर्यंत आईनं क्लॅरनेट चिंच-राख लावून देवाच्या तांब्यासारखं लख्ख करून ठेवलं होतं. अंगठ्याच्या टेक्याखाली कसलेतरी आकडे होते म्हणे. मुलामा पातळ, ठसा त्याहून पातळ. एकदा पुसला की गेला. कोरडं मऊ फडकं फिरवा, बस.

मग दिवे घालवून मोबाइलचा टॉर्च नळीला अगदी आडवा धरा. जिथं बारीकशी खोलगट खूण वाटेल तिथं पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा, शाळेत नाण्यावर करायचो तशी. अमेरिकन पेटंटचा आकडा निघाला तर लॉटरीच समजा. तिथलं दहा लाखावं पेटंट १९११ साली आणि वीस लाखावं १९३५ साली निघालं, म्हणजे वाद्य कोणत्या सालाआधीचं नाही ते लगेच कळतं. 'चेकोस्लोव्हाकिया' दिसलं तर १९१८ च्या आधीचा प्रश्नच मिटला.

नाव सापडलंच तरी हुरळून जाऊ नका. लग्नात आलेल्या पातेल्यावर मामाचं नाव असतं, म्हणून ते मामानं घडवलेलं नसतं. इथंही तेच. १९२०-३० च्या दशकांत बोस्टनची कंडी-बेटनी, एल्कहार्टची पेडलर असे अमेरिकन कारखाने दुसऱ्यांच्या नावानंही क्लॅरनेटं बनवून देत. आणि कर्णा, माउथपीस यांवर तर विसंबूच नका. बँडवाल्याच्या हातात ते किती वेळा बदलले असतील कुणास ठाऊक.

खरी ओळख पटते ती कारागिराच्या सवयींवरून, म्हणून जास्त वेळ इथं घालवा. भिंग घ्या. चाव्या ज्या छोट्या खांबांवर फिरतात, त्यांची डोकी गोल आहेत की चपटी? प्रत्येक खांबाला स्वतंत्र पाया आहे, की सगळे एका लांब पट्टीवर डाग देऊन बसवलेत? स्वरांच्या छिद्रांचे काठ नळीतूनच वर ओढून काढलेत, की वेगळी कडी बसवून डाग दिलाय? डाग दिलेला असेल तर सांध्यावर बारीक रेघ दिसते. मागच्या, वरच्या सप्तकाच्या चावीचं टोक कसं वळलंय, डाव्या करंगळीच्या चाव्यांचा आकार कसा, नळी अखंड आहे की मधे सांधा आहे, हे सगळं टिपा. नाव असलेल्या दुसऱ्या क्लॅरनेटशी जुळवायचं ते हेच. चाव्या सतरा आणि बोटांखालच्या छिद्रांभोवतीची हलती कडी सहा असतील तर चाव्यांच्या मांडणीची बोएम पद्धत. तेरा चाव्या आणि मोजकीच कडी म्हणजे जुनी साधी पद्धत.

धातू विचारला तर नीट सांगा. आपल्याकडं 'जर्मन' म्हटलं की ॲल्युमिनियमचं पातेलं डोळ्यांपुढं येतं. जर्मन सिल्व्हर वेगळं, त्यात तांबं, जस्त, निकल, आणि चांदी शून्य. मुलामा जिथं झिजलाय तिथला रंग पाहा: पिवळा निघाला तर पितळ.

व्हर्निअर कॅलिपरनं आतला व्यास मोजा, साधारण पंधरा मिलिमीटरच्या आसपास यावा. नळी एकाच रुंदीची न राहता रुंदावत गेली असेल आणि मागच्या, वरच्या सप्तकाच्या चावीनं 'सा' चा वरचा 'सा' च निघत असेल, तर ते क्लॅरनेट नाही, सरळ नळीचा सॅक्सोफोन आहे. क्लॅरनेट 'सा' वरून थेट वरच्या सप्तकातल्या 'प' वर उडी मारतं.

वाजवणारा कुणी असेल तर ट्यूनर लावून ऐका. बी-फ्लॅट क्लॅरनेटच्या 'सी' ला पेटीची काळी पाच निघायला हवी. माउथपीस नीट असूनही सुमारे पाव स्वर चढा लागत असेल, तर ते जुन्या चढ्या पट्टीचं. ब्रिटिश लष्करी बँड १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत त्याच पट्टीत वाजवत. अशा वाद्यावर 'एचपी' (हाय पिच) अक्षरं सापडू शकतात, 'एलपी' (लो पिच) असेल तर पट्टी आजची.

वाद्य भारतातच घडलं असण्याची शक्यताही मनात असू द्या. मेरठच्या जाली कोठीत बँडची वाद्यं कितीतरी पिढ्या बनताहेत.

फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा, चारी बाजू घ्या. आणि ट्रंकेच्या तळाचं अस्तर उचलून बघायला विसरू नका. आमच्याकडं त्याखाली माउथपीसला लावायच्या रीडचं रिकामं पाकीट निघालं, आणि त्याच्या मागं आजोबांच्या हातानं लिहिलेलं: 'जालना, बारा आणे'.