चार तुकडे झाले म्हणजे पाव झाला असं नसते

लहान पोरांना अपूर्णांक शिकवायचे म्हटलं की आपण डायरेक्ट १/४ लिहून मोकळे होतो, वर अंश खाली छेद, करा पाठ. पोट्टे पाठ करतात बी. पण विचारा १/३ मोठा का १/४, की बरेच हात १/४ कडे जातात, काहून की चार तिनापेक्षा मोठा, आणि आतापर्यंत आपणच त्यांना तसं शिकवलं ना. म्हणून आकडा नंतर, आधी कागद.

सामान विकत आणू नका. जुनं कॅलेंडर, लग्नाच्या पत्रिका, चौकटीची वही, कैची, बस. खायच्या वस्तूत पोळी चालते, ज्वारीची भाकर नाही, दुमडली की मोडते. संत्र्याच्या फोडी तर बिलकुलच नको, सीझनमध्ये घरोघरी असतात म्हणून मोह होते, पण एका संत्र्यात दहा फोडी तर दुसऱ्यात अकरा, त्यातही एक बारकी एक जाडी.

सुरुवात अर्ध्यापासून. चौरस कागद कडेला कड लावून दुमडा, उघडा, एक भाग रंगवा. एवढं सगळेच करतात. मग तसाच दुसरा कागद मुद्दाम वाकडा फाडून दोन तुकडे पोरासमोर ठेवा, एक मोठा एक लहान, आणि विचारा, हा अर्धा का?

"नाही जी, हा तर जास्त हाय."

"काहून? तुकडे तर दोनच आहेत ना."

इथं मधात तोंड घालू नका. दोन तुकडे पुरत नाहीत, दोन सारखे पाहिजेत, हे त्याच्याच तोंडून येऊ द्या, आणि सारखे आहेत का नाही हे एकावर एक ठेवून त्यालाच पाहू द्या.

आता वहीचं पान घ्या, म्हणजे आयत, आणि कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात रेघ मारा. रेघेवर घडी घातली तर कडा जुळत नाहीत, पोरं म्हणणार हे समान नाहीच. कैचीनं कापून एक तुकडा गोल फिरवा आणि दुसऱ्यावर ठेवा, बरोबर बसते. दुसऱ्या पानावर दोन्ही कर्ण मारून चार त्रिकोण करा, दोन पसरट दोन उभट, मोठी माणसंही इथं फसतात. पण पसरट त्रिकोण टोकापासून पायाच्या मध्यापर्यंत कापून ते दोन तुकडे वेगळ्या बाजूनं जोडले की उभटच तयार होते. म्हणजे आकार वेगळा असला तरी जागा सारखी, चारही पावच.

गोल काढायला वाटी पालथी घाला. दोन, चार, आठ भाग घडीनं सहज होतात. तीनसाठी आधी अर्धी घडी घालून त्या अर्ध्याचे सरळ कडेच्या मध्यापासून तीन सारखे पदर करा, उघडल्यावर सहा भाग दिसतात, दोन-दोनचा एक धरा. गोलात उभ्या सारख्या रुंदीच्या पट्ट्या मात्र मारू नका, मधल्या मोठ्या होतात (चूक दाखवायला मारा, ते चांगलं आहे).

१/३ आणि १/४ चं भांडण चौकटीच्या वहीवर मिटते. १२ चौकटींच्या तीन पट्ट्या एकाखाली एक काढा. अर्धा म्हणजे ६ चौकटी, तिसरा हिस्सा ४, पाव ३. जितके जास्त वाटे तितका वाटा लहान, सांगावं लागत नाही, दिसते. दोन पाव अर्ध्याइतके होतात तेही तिथंच मोजता येते. पट्ट्या मात्र एकाच मापाच्या पाहिजेत, लहान पोळीचा अर्धा आणि मोठ्या पोळीचा अर्धा सारखा नसते.

अजून एक घोटाळा होते. चारपैकी एक भाग रंगवला की पोरगं १/३ लिहिते, एक रंगीत तीन पांढरे म्हणून. तेव्हा खालचा आकडा रंगवलेला भाग धरून सगळे मोजून लिहायचा, आणि वाचताना "चारपैकी एक" असंच वाचायचं, निदान सुरुवातीला.

पाव, अर्धा, पाऊण हे शब्द पोरांना बाजारातून येतातच, पाव किलो म्हणजे २५० ग्रॅम हे किराण्याला जाणाऱ्या पोराला माहीत असते, त्याला फक्त पट्टी जोडून द्या, पाऊण म्हणजे १२ पैकी ९ चौकटी. आणि कोणी मधातच विचारलं की दीड कसा दाखवायचा, तर दुसरी पट्टी जोडा, पहिली पूर्ण रंगवा आणि दुसरीच्या ६ चौकटी.