घरातले पासवर्ड: आधी वही काढा, मोबाईल नंतर

आमच्या घरात पासवर्ड कुठं कुठं होते सांगू? लाईट बिलाच्या मागं, कॅलेंडरवर एकादशीच्या चौकोनात, आप्पांच्या चष्म्याच्या घरात घडी घालून ठेवलेल्या बस तिकिटावर, आणि उरलेले सगळे माझ्या भावाच्या डोक्यात, जो पुण्याला असतो आणि ड्युटीवर फोन उचलत नाही. दोन वर्षांमागं एका रविवारी बसून मी सगळं एका वहीत आणलं, ते कसं केलं तेवढं सांगतो. आमच्या बेळगाव सीमाभागात वडगाव-शहापूर, खानापूर, निपाणी कुठंही असा, थोड्याफार फरकानं घराघरात हीच कथा हाय.

पहिली गोष्ट म्हणजे पासवर्डपासून सुरुवात करू नका. मोबाईल नंबरापासून करा. आता निम्म्या ठिकाणी पासवर्ड नसतोच, ओटीपी येतो, आणि जिथं पासवर्ड हाय तिथं विसरला तरी शेवटी ओटीपीच येतो. म्हणजे खरी किल्ली नंबर. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर घरातले सगळे नंबर लिहा, कुणाचं सिम कुणाच्या नावावर हाय आणि आत्ता कुणाच्या फोनात हाय ते पण. आमच्याकडं आईच्या आधारला जो नंबर होता तो सिम माझ्या आत्तेभावाच्या जुन्या फोनात निघाला, तो पण कागलला. सीमाभागात हे लई होतंय, एक सिम कर्नाटकचं एक महाराष्ट्राचं, ज्याचं रिचार्ज स्वस्त ते चालू आणि दुसरं पडून. पडून राहिलेला नंबर कंपनी बंद करते आणि बंद झाल्यावर ९० दिवसांनी तोच नंबर दुसऱ्या कुणाला पण देऊ शकते, मग तुमचे ओटीपी त्या माणसाच्या फोनात वाजणार. जुना नंबर सोडायचा असेल तर आधी बँक, आधार, गॅस, सगळीकडं नवीन घाला, मगच सोडा.

दुसऱ्या पानावर ईमेल. आप्पांचे तीन जीमेल निघाले, तिन्ही वेगवेगळ्या दुकानात फोन घेताना त्या पोरांनी काढून दिलेले, पासवर्ड एकाचा पण माहीत नाही. ज्याला बँक किंवा पेन्शन जोडलेली हाय तो एक ठेवायचा, बाकीच्यांना काय काय जोडलंय बघून हळूहळू सोडायचं. दोन वर्षं न उघडलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं, त्यामुळं जो ठेवाल तो अधनंमधनं उघडत जा. त्या ईमेलला दोन टप्प्यांचं लॉगिन (पासवर्डनंतर फोनवर आणखी एक खात्री) चालू करा आणि तिथंच बॅकअप कोड मिळतात, आठ आकड्यांचे दहा, एक कोड एकदाच चालतो. ते वहीत उतरून घ्या. फोन हरवला, पाण्यात पडला, तर ते दहा कोडच कामाला येतात.

आता खाती. एक खातं एक अर्धं पान, जागा सोडून लिहा कारण बदल होतात. वर मराठीत मोठ्या अक्षरात ते कशाचं हाय ते लिहायचं: "आईचे दोन हजार", "वरच्या घराचं लाईट बिल", "आप्पांची पेन्शन". सरकारी नाव त्याच्या खाली. गृहलक्ष्मी (बायकांना महिन्याला दोन हजार देणारी कर्नाटकची योजना), सेवा सिंधू (सरकारी कामांचं पोर्टल), हेस्कॉम (लाईट कंपनी) ही नावं मला कळतात पण आईला "माझे दोन हजार" हेच कळतं, आणि वही तिच्यासाठी पण हाय. मग युजरनेम, पासवर्ड, कुठला नंबर जोडलाय, कुठला ईमेल जोडलाय, आणि शेवटच्या ओळीत तारीख. लाईट बिलाच्या पानावर आरआर नंबर (लाईट कनेक्शनचा नंबर) आणि अकाउंट आयडी दोन्ही पायजे. पीएफच्या पानावर बारा आकडी यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा कायमचा नंबर. इन्कम टॅक्सला युजरनेम म्हणजे पॅन नंबरच, तरी लिहा, ऐनवेळी आठवत नाही. मिलिटरीतनं रिटायर झालेले आपल्याकडं गावोगावी हायत, त्यांच्या स्पर्श या मिलिटरी पेन्शनच्या पोर्टलचं लॉगिन तर पहिल्या पाच पानातच असू दे कारण वर्षातनं एकदा हयातीच्या दाखल्यावेळी सगळ्यांची पळापळ होते.

आणखी एक आपल्या भागाची अडचण, पोर्टल कन्नडमध्ये उघडतं. बोलायला येतंय की सगळ्यांना, वाचायला आमच्या पिढीत पण निम्म्यांना येत नाही. तर त्याच पानावर लिहून ठेवा, "वर उजवीकडं इंग्लिश दाबायचं, मग दुसरं बटण". सरकारी योजनांचे पैसे जमा झाले का ते दाखवणाऱ्या डीबीटी कर्नाटक ॲपचं मी आईसाठी असंच लिहिलंय, आधार नंबर घाल, ओटीपी येईल, मग चार आकडी पिन. पैसे आले का नाही बघायला आता ती माझ्या मागं लागत नाही, उलट शेजारच्या वैनींचं पण हीच बघून देते.

युजरनेममध्ये नाव असेल तर स्पेलिंग जसंच्या तसं उतरा. आपल्या नावांची इंग्रजी स्पेलिंगं रेशन कार्डावर एक, आधारवर एक आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरीच असतात. आणि ते जन्मगाव विचारणारे प्रश्न! आप्पांच्या एका जुन्या खात्याला सिक्युरिटी प्रश्न होता, जन्म कुठल्या गावी. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं नाव सरकारी कागदावर बेळगावचं बेळगावी झालं, खातं त्याच्या आधीचं का नंतरचं ते कुणाला आठवेना, जुनं स्पेलिंग घालून बघितलं, नवीन घालून बघितलं, आणि तेवढ्यात खातं लॉक. नंतर कळलं आप्पांनी "येळ्ळूर" घातलं होतं, कारण जन्म खरोखर आजोळी येळ्ळूरलाच झालाय. तर असल्या प्रश्नांची उत्तरं पण वहीत लिहायची. आणि मी म्हणतो उत्तर खरं कशाला देताय, जन्मगाव सगळ्या गल्लीला माहीत असतंय. "झाडू" लिहा की. फक्त वहीत नोंद पायजे.

पासवर्ड कसला ठेवायचा. गावाचं नाव आणि एकदोनतीन, पोरीचं नाव आणि जन्मसाल, हे सगळ्यात आधी ओळखले जातात. लांबी महत्त्वाची, अवघड चिन्हं नाहीत. चार असंबंधित शब्द जोडा, मराठी-कन्नड मिसळून, म्हणजे राकसकोप (आमच्याकडचं धरण), छत्री, मज्जिगे (कन्नडमध्ये ताक), टेम्पो असं, इंग्रजी अक्षरात टाईप करायचं, मधे एखादा आकडा. (हाच घेऊ नका, आता सगळ्यांनी वाचला.) घोळ एकच होतो, छत्रीत दोन टी का एक, शेवटी आय का डबल ई. म्हणून वहीत इंग्रजीतच अक्षर न् अक्षर सुटं लिहा, शून्याला मधनं तिरकी रेघ मारा म्हणजे तो ओ वाटत नाही, आणि छोटा एल, मोठा आय आणि एक हे तिन्ही शक्यतो टाळाच.

आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा. कंटाळा येतो मान्य, पण कुठल्या तरी फालतू शॉपिंग साईटवरनं पासवर्ड फुटला की तोच घेऊन ईमेल उघडतंय का बघतात, तिथून पुढं सगळंच गेलं. दर महिन्याला बदलायची मात्र काही गरज नाही, फुटल्याचा संशय आला तर बदला.

वही चोरीला गेली तर? हा प्रश्न मला सगळे विचारतात. माझा उपाय, शेपूट. प्रत्येक महत्त्वाच्या पासवर्डच्या शेवटी घरातल्या मोठ्यांनाच माहीत असलेलं एक छोटं शेपूट, चार-पाच अक्षरांचं, ते वहीत कुठंच लिहायचं नाही. वहीत राकसकोप-छत्री दिसणार, खरा पासवर्ड त्याच्यापुढं शेपूट लावून. आमचं शेपूट म्हणजे आजीच्या म्हशीचं नाव, चौघांना माहीत हाय. एकट्यालाच माहीत असलेलं शेपूट बिनकामाचं, ते लक्षात ठेवा. एटीएम पिन आणि यूपीआय पिन मात्र वहीत नाहीत म्हणजे नाहीतच. माणूस गेल्यावर त्याच्या फोनवरनं पैसे काढायचं तर डोक्यातच आणू नका, नॉमिनी लावा आणि कुठल्या बँकेत नॉमिनी कोण एवढं वहीत लिहा.

वही कुठं? कपाटात, घराच्या कागदांबरोबर. टीव्हीजवळ नको. फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकू नका, आमच्या काकांनी टाकला होता, त्या ग्रुपवर जावयाचे मित्र पण होते.

तरुण पोरांना वही जुनाट वाटते, त्यांनी पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड एका मुख्य पासवर्डमागं ठेवणारं ॲप, वापरावा. क्रोममध्ये गूगलचा आतच असतो, बिटवॉर्डन फुकट मिळतो, कीपास सगळं एका फाईलमध्ये आपल्याच कॉम्प्युटरवर ठेवतो. चांगलंच हाय, मी पण वापरतो. पण त्याचा मुख्य पासवर्ड एका पाकिटात घालून वहीच्या मागच्या कव्हरमध्ये ठेवा, नाहीतर पुण्याच्या भावासारखं व्हायचं. आणि फोनला स्क्रीन लॉक नसेल तर मॅनेजरचा उपयोग शून्य.

आता सगळ्यात जास्त नुकसान जिथं होतंय ते, नेट सेंटर. माझ्या भाचीचा स्कॉलरशिपचा अर्ज एसएसपी, म्हणजे कर्नाटक सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलवर एका सेंटरवाल्याकडं भरला, गर्दी होती, मुलीकडं फोन नव्हता, त्यानं स्वतःचाच नंबर टाकला आणि पासवर्ड पण सगळ्या गिऱ्हाइकांना एकच. पुढच्या वर्षी नूतनीकरणाला गेलो तर दुकान बंद, गडी गोव्याला कामाला गेलेला, ओटीपी त्याच्या फोनवर. चार दिवस त्याच्या घरच्यांच्या मागं फिरलो तेव्हा कुठं पोरगी आत शिरली. त्या माणसाच्या मनात वाईट नव्हतं, सगळेच असं करतात. म्हणून सेंटरला जाताना वही न्यायची नाही, एका चिठ्ठीवर नंबर, ईमेल आणि नवीन पासवर्ड घेऊन जायचं, शेजारी उभं राहून "दादा, हाच नंबर घाला" म्हणायचं, निघताना लॉगआऊट करायला लावायचं, पावतीवर युजर आयडी लिहून घ्यायचा, आणि घरी येऊन पासवर्ड बदलून वहीत घालायचा.

फोनवरनं कुणी बँकेतनं बोलतोय, लाईट तोडतोय, दोन हजार अडकलेत म्हणत ओटीपी मागितला तर ठेवून द्या, मराठीत बोलूदे नाहीतर कन्नडमध्ये. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाईन) फोन, सकाळची वाट बघू नका. हा नंबर मी वहीच्या कव्हरवरच लाल पेनानं लिहिलाय.

बदल झाला की जुनी ओळ खोडायची पण वाचता येईल अशी, एका रेघेनं, बाजूला तारीख. आणि वर्षातनं एकदा पहिली दोन पानं तपासायची. आम्ही गणपतीत करतो, पुणे-गोव्याचे सगळे घरी असतात, दुपारच्या मोदकांनंतर कुणाला उठायचं नसतंच. यंदा तीन पानांवर जुना बंद नंबर निघाला, तिन्ही माझेच.