वाडी रममध्ये मुक्काम? आधी एवढं विचारा

जॉर्डनच्या वाडी रम वाळवंटात बेदुइन (वाळवंटातले भटके अरब) लोकांच्या कॅम्पचं भाडं स्वस्त दिसतं, खरा खर्च जीपच्या फेरीत निघतो. म्हणून बुकिंगआधीच यजमानांना व्हॉट्सॲपवर विचारून घ्या:

१. जीपचा दर माणशी की गाडीमागे? किती तास?

२. रम गावातून कॅम्पवर न्यायचे-आणायचे पैसे त्यातच धरलेत ना?

३. शाकाहारी असाल तर ‘झर्ब’ नको, भाजी वेगळ्या भांड्यात हवी, हे स्पष्ट लिहा. झर्ब म्हणजे वाळूत पुरलेल्या भट्टीतलं जेवण; त्या भट्टीत मांस आणि बटाटे-गाजरं एकत्रच शिजतात, चरबी भाज्यांवर ठिबकते. नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही!

रोख दिनार जवळ ठेवा. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा शून्याच्या आसपास उतरतो, तेव्हा जास्तीची पांघरुणंही आधीच मागा.